सत्तावन्न एफ फोर

फेब्रुवारी २०१७ मध्ये मी चार चौकोनांचा एक तक्ता काढला. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या कुठल्याही कोर्सला गेलात तरी तो शिकवतातच. उभ्या बाजूला कोणाच्या हातात किती सत्ता, आडव्या बाजूला कोणाला तुमच्या कामाचं किती देणंघेणं. वर उजवीकडे मी मोठे साहेब, फायनान्सचे साहेब आणि प्लांट हेड लिहिले. वर डावीकडे युनियनचे अध्यक्ष. आणि सगळ्यात खाली डाव्या कोपऱ्यात, ज्यांना अधूनमधून कळवलं तरी पुरे अशांच्या चौकोनात, स्टोअरचे अण्णा. तो कागद मी अजून फेकलेला नाही.

कंपनी भोसरी एमआयडीसीतली. गाड्यांना लागणारे पिन, बुश, स्पेसर असले छोटे भाग आम्ही करतो. कंत्राटी धरून साडेतीनशे माणसं. टर्निंग आणि ग्राइंडिंग आमच्याकडे, हीट ट्रीटमेंट आणि झिंक प्लेटिंग बाहेर. म्हणजे एकच पिन गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी दोनदा गेटबाहेर जाऊन परत येते. मी नऊ वर्षं प्लॅनिंगमध्ये होते. जानेवारीत मला बोलावून सांगितलं की जुना फॉक्सप्रोतला प्रोग्रॅम बंद करायचा, नवीन ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांचं काम एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणायचं, आणि १ जुलैला जीएसटी लागू होतोय त्याच दिवशी ते सुरू करायचं. प्रोजेक्ट मॅनेजर तू.

दोन बदल एकाच दिवशी नकोत, असं मी एकदा म्हणून पाहिलं. एकदाच, तेही पुटपुटल्यासारखं. आज वाटतं, बरं झालं कोणी ऐकलं नाही. तारीख आमच्या हातात असती तर आम्ही ती आधी गणपतीपर्यंत आणि मग दिवाळीपर्यंत ढकलली असती. ही तारीख भारत सरकारची होती, तिच्याशी घासाघीस चालत नव्हती.

सुरुवात मी पुस्तकात असते तशी केली. कॉन्फरन्स रूममध्ये दोन-दोन तासांची ट्रेनिंग, एसी, स्लाइडी, शेवटी समोसा. 'समजलं का?' विचारलं की वीस माना एकदम हलायच्या. 'हो मॅडम.' प्रश्न एकही नाही. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आहे. जेफ हायट यांचं अडकार नावाचं मॉडेल मी भिंतीवर लावलं होतं: जाणीव, इच्छा, ज्ञान, क्षमता आणि बदल पक्का करणं, अशा पाच पायऱ्या. फायनान्सच्या साहेबांनी ते वाचून 'अडकार म्हणजे अडकलेला कारभार का?' असं विचारलं होतं. मी तेव्हा हसले नव्हते.

अडकलं ते जॉबवर्कच्या, म्हणजे बाहेरून करून घ्यायच्या कामाच्या, चलनांपाशी. आमच्या भागात जॉबवर्कला माल पाठवायच्या चलनाला सगळे 'सत्तावन्न एफ फोर' म्हणतात. मोडव्हॅट, म्हणजे एक्साइजमध्ये कच्च्या मालावरच्या कराची वजावट देणारी पद्धत, १९८६ साली आला, त्या नियमावलीतला हा एक नियम. मोडव्हॅट गेला, सेनव्हॅट आला, २००४ च्या नियमांत त्याच गोष्टीचा क्रमांक चार-पाच-अ झाला, पण प्लेटिंगवाल्याचा टेम्पो ड्रायव्हरसुद्धा गेटवर येऊन 'सत्तावन्न एफ फोर द्या' असंच म्हणणार. आता तो चार-पाच-अ पण जाणार होता. जीएसटी कायद्याच्या १४१ कलमात म्हटलं होतं की १ जुलैला जॉबवर्करकडे पडलेला माल सहा महिन्यांत परत आला तर त्यावर कर नाही, पण किती माल कुठे पडलाय ते मालकाने आणि जॉबवर्करने, दोघांनीही घोषित केलं पाहिजे. त्यासाठी ट्रॅन-१ नावाचा फॉर्म.

थोडक्यात, ३० जूनच्या रात्री कोणत्या प्लेटिंगवाल्याकडे आपले किती नग आहेत याची खरी यादी हवी होती. फॉक्सप्रोप्रमाणे २१४ चलनं उघडी होती, म्हणजे त्यांचा माल अजून परत यायचा होता. अण्णांकडे मी एक्सेलचा तक्ता पाठवला. तो रिकामा परत आला. पुन्हा पाठवला, तर अर्धा भरून आला, त्यातही तारखा चुकीच्या. तिसऱ्यांदा मी प्लांट हेडना सांगितलं. त्यांनी अण्णांना शॉपवर सगळ्यांदेखत झापलं. दुसऱ्या दिवशी अण्णांची फाइल आली. पूर्ण. २१४ च्या २१४ चलनं, फॉक्सप्रोशी नग न् नग जुळणारी. आमचा कन्सल्टंट म्हणाला, इतका स्वच्छ डेटा त्याने कुठे पाहिला नव्हता. मीही त्या दिवशी खुशीत घरी गेले.

सहज म्हणून एका शनिवारी ती यादी घेऊन मी कुदळवाडीतल्या एका प्लेटिंगवाल्याकडे गेले. बाहेर क्रेटची उतरंड, आत अॅसिडचा वास, बॅरल फिरण्याचा खडखडाट. यादीत त्याच्याकडे आमचे नऊ लॉट होते. तीन लॉट सापडेनात, आणि कोपऱ्यात आमचे दोन असे लॉट होते ज्यांचा यादीत पत्ताच नव्हता. तो माणूस अजिबात गडबडला नाही. हात पुसत म्हणाला, 'मॅडम, आमचा हिशोब अण्णांकडे असतो. त्यांच्या वहीत बघा.'

वही. लांबोडकी, लाल कापडी पाठीची, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. अण्णांच्या टेबलाच्या खणात असायची हे मला नऊ वर्षं माहीत होतं. ती कशाची आहे, हे मी कधी विचारलं नव्हतं.

सोमवारी सव्वातीनला, पहिली शिफ्ट सुटायच्या आधी, मी लॅपटॉप न घेता स्टोअरमध्ये गेले. अण्णांनी चहा अर्धा केला. मी कुदळवाडीचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खण उघडला आणि वही माझ्यासमोर फिरवून ठेवली. प्रत्येक प्लेटिंगवाल्याला एक टोपणनाव. चलन नंबर, नग, वजन, आणि शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण किंवा एक छोटं वर्तुळ.

'गोल म्हणजे काय, अण्णा?'

'गोल म्हणजे कागदावर आलाय, माल आलेला नाही. किंवा उलटं.'

मग हळूहळू सगळं निघालं. एक्साइजच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे जॉबवर्कचा माल १८० दिवसांत परत यायला लागायचा, नाहीतर घेतलेलं क्रेडिट, म्हणजे कराची वजावट, उलटवावं लागायचं. प्लेटिंगवाल्याकडे माल रखडला की १७५ व्या दिवशी वरून फोन यायचा, 'अण्णा, तेवढं बघून घ्या.' अण्णा बघून घ्यायचे. जुनं चलन कागदावर बंद, त्याच मालाचं नवीन चलन चालू. सही अण्णांची. वर्षानुवर्षं. फोन करणारे साहेब बदलत गेले, सही बदलली नाही.

'कंप्युटरला मी भीत नाही मॅडम,' अण्णा म्हणाले. 'नातवाचा मोबाइल मीच दुरुस्त करून देतो. पण यात एकदा खरं टाकलं, की तफावत निघणार. ती कुणाच्या नावावर निघणार? मला चौदा महिने राहिलेत. ग्रॅच्युइटी अडकवली तर मी कुणाच्या दारात उभा राहू?'

मी तीन महिने 'ज्ञान' या पायरीवर घाम गाळत होते आणि घोडं 'इच्छा' या पायरीवर पेंड खात होतं. तेही उगाच नाही. माझ्या रिस्क रजिस्टरमध्ये सर्व्हर बंद पडण्यापासून पावसात गेटपाशी पाणी साचण्यापर्यंत सगळं होतं. जुना हिशोब नव्याने मांडला की तो कोणाच्या तरी अंगावर शेकतो, हे नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी मोठ्या साहेबांकडे गेले. मागणी एकच: ३० जूनपर्यंतच्या तफावतीची जबाबदारी कंपनीची, कोणा एकाची नाही, असं लेखी द्या. साहेब म्हणाले, 'मी तोंडी सांगतो ना सगळ्यांना.' मी म्हटलं, फोनही तोंडीच होते. हे मी कसं बोलून गेले, माझं मलाच कळलं नाही. फायनान्सचे साहेब उखडले, लेखी दिलं म्हणजे आपण होऊन पुरावा दिला असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच चूक होते असं नाही. मग कर सल्लागारांकडे चकरा. जिथे क्रेडिट उलटवायचं तिथे व्याजासकट उलटवून टाकू, हा निर्णय व्हायला दोन आठवडे. मग फायनान्सने 'जाणूनबुजून केलेली अफरातफर वगळून' हे शब्द घातले. त्यावर युनियनचे अध्यक्ष म्हणाले, जाणूनबुजून हे ठरवणार कोण? तेही बरोबरच होतं. शेवटी 'युनियनच्या प्रतिनिधीसमक्ष चौकशी झाल्याशिवाय' असं जोडलं. पाच आठवडे गेले. मेमध्ये तिकडे श्रीनगरला जीएसटी कौन्सिलने बाराशेच्यावर वस्तूंचे दर ठरवून टाकले आणि इकडे आमच्या चार ओळी ठरत नव्हत्या. माझ्या प्रोजेक्ट प्लॅनमध्ये या कामाला ओळच नव्हती, त्यामुळे दर सोमवारच्या रिपोर्टमध्ये मी 'डेटा गोळा करणे, प्रगतिपथावर' असं ठोकून देत होते.

टाइम ऑफिसच्या बोर्डावर नोटीस लागली. मराठीत, खाली मोठ्या साहेबांची सही आणि शिक्का.

त्यानंतरचे आठ दिवस मी जन्मात विसरणार नाही. सगळीकडून माल बाहेर यायला लागला. जिन्याखाली बुशचे दोन क्रेट. क्वालिटीच्या होल्ड रॅकमागे एक लॉट, ज्यावरचा टॅग उंदरांनी खाल्ला होता. दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरने आपलं लॉकर उघडून चारशे पिन टेबलावर ओतल्या. म्हणाला, 'लाइन अडली की लागतात मॅडम, स्टोअरवाले वेळेला देत नाहीत.' अण्णा शेजारीच उभे होते. 'वेळेला मागत नाहीत,' ते म्हणाले. प्रत्येकाची आपापली छोटी वही होती म्हणायची.

मग रुजवात घालायला आम्ही एकेका जॉबवर्करकडे गेलो. अण्णा, त्यांचा मदतनीस पोरगा आणि मी. छोटे भाग कोणी मोजत बसत नाही, तोलतात: शंभर नग मोजून त्यांचं वजन घ्यायचं, मग सगळा लॉट तोलून भागाकार. पहिल्याच ठिकाणी माझं गणित चुकलं. प्लेटिंग होऊन आलेल्या लॉटमध्ये पाठवल्यापेक्षा जास्त नग निघाले. मी दोनदा तोलायला लावलं. अण्णांनी एक पिन उचलून माझ्या तळहातावर ठेवली, शेजारी प्लेटिंग न झालेली दुसरी. 'हिला जस्त लागलंय. काळ्याच्या वजनाने पांढरा माल मोजला तर हजारामागे चार-पाच नग हवेतून निघतात.'

आठ मायक्रॉनचा थर. एका नगाला जाणवत नाही, हजाराला जाणवतो. आणि बॅरलमध्ये, टाकीच्या तळाशी, तेवढेच चार-पाच नग हरवतात. जस्ताचं वजन हरवलेल्या नगांची भरपाई करत होतं, आणि कागद कायम जुळत होता. अण्णांच्या वहीच्या मागच्या पानांवर प्रत्येक भागाची दोन वजनं होती, एकापुढे 'का', दुसऱ्यापुढे 'पां'. आमच्या नव्या ईआरपीत एका भागाला एकच वजन टाकता येत होतं.

यावर उपाय म्हणजे प्लेटिंगनंतरच्या मालाला वेगळा कोड. कन्सल्टंट म्हणाला, हे कामाच्या व्याप्तीबाहेर आहे, वेगळे पैसे पडतील आणि तीन आठवडे लागतील. तेवढे दिवस नव्हतेच. मी आणि मदतनीस पोरगा रात्री बसून ते कोड स्वतः तयार केले. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये मला सगळ्यात जास्त अभिमान त्या कामाचा होता. 'होता' का म्हणते, ते पुढे येईल.

ट्रेनिंगही बदलून टाकलं. कॉन्फरन्स रूम बंद. शिफ्ट बदलताना स्टोअरच्या टेबलापाशी उभ्याउभ्या वीस मिनिटं, समोर त्या दिवशीचं खरं चलन. शिकवणारा मदतनीस पोरगा. तो चुकला की सगळे हसायचे, आणि हसता हसता प्रश्न विचारायचे.

आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. २९ जून गुरुवार होता, त्या दिवशी फिजिकल घेतलं, म्हणजे सगळा साठा प्रत्यक्ष मोजला. मिसळ, ओव्हरटाइम, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या हाताला तेलाचा वास. शुक्रवारी रात्री शेवटचं एक्साइज इन्व्हॉइस निघालं. त्यावर माल निघाल्याची वेळ आकड्यात आणि अक्षरात लिहावी लागायची. डिस्पॅचच्या क्लार्कने ती अक्षरात वेळ नेहमीपेक्षा सावकाश लिहिली आणि पेनाला टोपण लावलं.

शनिवारी, १ जुलैला, सकाळी नऊ वीसला पहिला टेम्पो गेटवर अडला. इन्व्हॉइस निघेना. सिस्टीम सांगत होती, या मालाला एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाचा वर्गीकरण क्रमांक, नाही. जुन्या सगळ्या भागांना होता. नव्हता तो फक्त मी आणि त्या पोराने रात्री बसून तयार केलेल्या नव्या कोडना. चाकणच्या गिऱ्हाइकाकडे आमच्या पिनांचा साठा काही तासांचाच असतो, तिथून दर दहा मिनिटांनी फोन. कोडमागून कोड भरत टेम्पो सुटायला अकरा पन्नास झाले. अडीच तास. प्लांट हेड काही बोलले नाहीत, ते बोलले असते तर परवडलं असतं.

त्या दिवशी मी हाताने लिहायचं चलनबुक बाहेर काढू दिलं. नंबर छापलेलं, पिवळं. ट्रक अडायला नको म्हणून. कन्सल्टंटला ते अजिबात पटलं नाही, पळवाट ठेवली की माणसं पळणारच असं त्याचं मत. मी रोज रात्री पिवळी पानं मोजायचे. पहिल्या दिवशी ४१. आठवड्याने १९. पंधरा दिवसांनी ७, आणि मग आकडा तिथेच रुतला. महिनाभर सहा-सात, सहा-सात. वरिष्ठांच्या मीटिंगमध्ये 'जुनी खोडं सुधारणार नाहीत' असा सूर निघाला. मी ती पानं टेबलावर मांडली. सगळी दुसऱ्या शिफ्टची, रात्री दहानंतरची. पर्चेस ऑर्डर मोकळी झाल्याशिवाय सिस्टीममध्ये चलन निघत नव्हतं, ती मोकळी करायचा अधिकार फक्त दोन साहेबांना होता, आणि दोघेही रात्री दहाला झोपलेले असत. शिफ्ट इनचार्जला ठरावीक रकमेपर्यंत अधिकार द्या म्हटलं, तर त्याला तीन मीटिंग लागल्या. अधिकार दिल्यावर चार दिवसांत पिवळी पानं बंद झाली. खोडं कुठली होती, ते मी रिपोर्टमध्ये लिहिलं नाही.

एक गोष्ट मात्र राहून गेली. '१० जून ते १५ जुलै रजा बंद' अशी नोटीस मीच काढली होती. अण्णा दरवर्षी आळंदी ते सासवड माउलींच्या पालखीबरोबर चालतात आणि आषाढीला एसटीने पंढरपूर गाठतात, हे मला मदतनीस पोराकडून कळलं, तेव्हा पालखी दिवे घाट चढून गेली होती. अण्णांनी रजा मागितलीच नव्हती. आषाढी ४ जुलैला होती. सिस्टीम सुरू होऊन चौथा दिवस. मी त्यांना ३ तारखेच्या रात्रीच्या गाडीने जायला सांगितलं. 'चालतंय का तुम्हाला?' त्यांनी दोनदा विचारलं. ४ तारखेला दुपारी हीट ट्रीटमेंटहून आलेला एक लॉट कशातच बसेना, अण्णांना फोन लागेना. पंढरपुरात त्या दिवशी कुणाचा लागतो! पोराने खण उघडला, वहीत टोपणनाव शोधलं, चलन काढलं, सिस्टीममध्ये आवक केली. सतरा मिनिटं लागली. मी मागे हाताची घडी घालून उभी होते, मध्ये बोलले नाही. मला ते फार जड गेलं.

ट्रॅन-१ ची मुदत वाढत वाढत २७ डिसेंबरला संपली. तोवर ११ चलनांचा मेळ काही बसला नाही. त्यांचं क्रेडिट कंपनीने उलटवलं, नोटीशीत लिहिल्याप्रमाणे कोणाला काही विचारलं नाही. अण्णा २०१८ च्या ऑगस्टमध्ये निवृत्त झाले, ग्रॅच्युइटी वेळेवर मिळाली. वही ते घेऊन गेले की ठेवून गेले, हे मी मुद्दामच विचारलं नाही.

ईआरपीच्या मेन्यूत जॉबवर्कच्या चलनाच्या पानाला आधी एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. पहिल्या आठवड्यात ते कोणालाच सापडायचं नाही. कन्सल्टंटच्या मागे लागून मी ते बदलून घेतलं. २०१९ मध्ये मुंबईहून एक तरुण ऑडिटर आला. स्टोअरचा कारभार आता त्या मदतनीस पोराकडे आहे. ऑडिटरने स्क्रीनवर बोट ठेवलं, '५७ एफ ४? जीएसटी कायद्यात हे कोणतं कलम?'

पोरगा म्हणाला, 'ते कलम नाही साहेब. ते चलन आहे.'